आठ माणसांची टाकी

"आजपासून या घराचा मागच्या हजार वर्षांशी असलेला संबंध तुटला आहे," असं रंगनाथराव परसात उभे राहून म्हणाले, तेव्हा समोर वीसेक मंडळी होती, प्रत्येकाच्या हातात पेढा होता आणि पायांखाली कोरी करकरीत सेप्टिक टाकी होती. "यापुढे मैल्याची टोपली नाही, मागचा बोळ नाही, पहाटेचा खडखडाट नाही. विज्ञान आपलं काम जमिनीखाली मुकाट्याने करील."

विज्ञानाने दहा महिने काम केलं. अकराव्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, दत्ताची आरती चालू असताना मागची हजार वर्षं मोरीच्या जाळीतून वर आली.

हे सन छत्तीसचं. नाशिक गावाबाहेर, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, वरच्या अंगाला, पेन्शनरांनी मिळून 'गोदातीर गृहरचना मंडळी' काढली होती. प्लॉट तेवीस, बारा घरं उभी राहिली होती, अकरा व्हायची होती. गावातल्या अरुंद गल्ल्यांना कंटाळून आलेली ही माणसं इथे मोकळ्या हवेत राहत आणि एकमेकांवर लक्ष ठेवीत. गावात ते नीट जमत नसे. भिंती मध्ये येत.

मंडळीचे आरोग्याचे नियम आबाजी धारणे यांनी केले होते. आबाजींची तीस वर्षं देवळाली कॅम्पात सफाईच्या कचेरीत गेली होती, आणि निवृत्त होताना तिथलं एक इंग्रजी नियमांचं पुस्तक त्यांच्या ट्रंकेत चुकून आलं होतं. त्याचं मराठी त्यांनी स्वतः केलं. एकूण नियम बावीस. टाकी किती माणसांची ते दप्तरी नोंदवावे. दर तीन वर्षांनी उपसावी. फिनेल, साबणाचे पाणी, चिंध्या, कागद व चहाची पाने टाकू नयेत. सातवा नियम असा होता की टाकीच्या झाकणावर घोडे अगर खेचरे बांधू नयेत. वसाहतीत खेचर कोणाकडेच नव्हतं, पण नियम एकमताने मंजूर झाला आणि त्याचा भंग अजून कोणी केलेला नाही.

रंगनाथरावांच्या कामी आला तो अकरावा. टाकी मुदतीआधी भरली तर कारणं तीनच संभवतात, असं तो सांगत होता. एक, आत निषिद्ध पदार्थ टाकले. दोन, नोंदवल्याहून जास्त माणसांनी वापरली. तीन, गवंड्याने माप मारलं. तसं असेल तर त्याचा परवाना रद्द व्हावा.

परवाना होता एकट्या खलील मिस्त्रींकडे. चौक मंडईकडचे हे मिस्त्री वसाहतीतल्या बाराही टाक्यांचे कर्ते, आणि व्हायच्या अकरा टाक्यांचीही आशा त्यांनाच. पण प्रश्न तेवढाच नव्हता. माप मारणारा मिस्त्री असं एकदा नाव पडलं, तर नाशकात ते फिरायला एक सकाळ पुरे. मग कोणी साधा ओटा बांधायलासुद्धा बोलावणार नाही. हे खलीलमियाँना ठाऊक होतं, आणि रंगनाथरावांनाही होतं.

रंगनाथराव दिवाणी कोर्टात शिरस्तेदार होते. एकतीस वर्षं त्यांनी खोटं बोलणाऱ्या माणसांच्या जबान्या लिहून घेतल्या होत्या, त्यामुळे खरं बोलणारा माणूस दिसला की त्यांना तो चांगला शिकवलेला साक्षीदार वाटे.

त्या गुरुवारीच आबाजी वही घेऊन आले. सफाईवाल्या कुसाबाईकडून वरचं पाणी उपसून घेऊन त्यांनी पंधरा दिवसांची सोय केली आणि ओट्यावर बसून तपास सुरू केला.

"टाकीत काही टाकता?"

"काहीएक नाही."

"फिनेल?"

"नाही."

"चिंध्या वगैरे?"

"आबाजी, मी शिरस्तेदार होतो."

"विचारावं लागतं. चहाची पानं?"

"आमच्याकडे भुकटी येते, आणि चोथा गुलाबाला जातो. लिहा, काही म्हणजे काहीही टाकत नाही. सही करतो."

त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, वेळ घातली, आणि सवयीने 'वाचून दाखवले, कबूल आहे' असंही लिहिलं.

पहिलं कारण असं निकालात निघालं. दुसऱ्यासाठी रंगनाथरावांनी मागच्या पडवीत खुर्ची टाकली.

टाकी आठ माणसांची नोंदलेली होती. घरात माणसं सात. आठवा आकडा येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी धरलेला. हा येणारा-जाणारा म्हणजे जावई. ते दिवाळीला आले होते आणि आता संक्रांत होऊन गेली होती.

"ते रोज किती वेळा जातात?" रंगनाथरावांनी पत्नीला विचारलं.

वत्सलाबाईंच्या हातातली उलथणी थांबली. "कोण?"

"तुझे जावई."

"अहो, जावयाचं असलं काही मोजतात का? मुलीच्या कानावर गेलं तर काय वाटेल तिला?"

"मी नुसतं विचारतोय."

"कोर्टातही तुम्ही नुसतंच विचारायचात."

जावयांना मोजायचं तर त्यांना कळू न देता मोजायला हवं होतं. म्हणून रंगनाथराव हातात वर्तमानपत्र धरून बसत. त्याला पेन्सिलीने पाडलेलं एक भोक होतं. शेजारच्या खंडेरावांवरही याच भोकातून नजर होती. खंडेरावांचं घर मंडळीबाहेरचं, अजून जुन्या पद्धतीचा संडास, पोरं पाच, आणि मधली कुंपणाची तार एका ठिकाणी वाकलेली. तार वाकते ती उगाच वाकत नाही.

"काय रंगनाथराव, कालचाच अंक वाचताय?" खंडेराव कुंपणापलीकडून म्हणाले.

"काही बातम्या दोनदा वाचाव्या लागतात."

"आमचं कोंबडं तिकडे आलंय का बघा हो. तार वाकवून जातं मेलं."

रंगनाथरावांनी वहीत लिहिलं: 'खं. यांनी तारेचा विषय आपणहून काढला.'

ती वही शिस्तीची होती. उदाहरणार्थ, मंगळवारचं पान: 'पहाटे ५-४० स्वतः. ६-०० कुटुंब, बंबाजवळून घमेलं घेऊन आत, लगेच बाहेर, संशयास्पद नाही. ६-१५ जावई. ६-५० जावई अद्याप आतच. ७-०५ जावई बाहेर, गुणगुणत. ७-१० समोर लिंबाखाली गवंडी खलील. हा रोज येतो. का?'

खलीलमियाँ रोज येत होते ते मोजायलाच. त्यांचा साधा हिशोब होता. टाकी आपण चोख बांधली. म्हणजे आठाच्या टाकीत बारा-चौदा माणसं जात असणार. शिरस्तेदारांकडे मुंज झाली, श्राद्ध झालं, सोळा सोमवारांचं उद्यापन झालं, पंगती उठल्या. ब्राह्मणांच्या पंगतीचा भार आठाच्या टाकीला कसा झेपावा? म्हणून ते लिंबाखाली बसून गवंडीकामाच्या जुन्या करणीला नवी मूठ बसवायचं नाटक करीत आणि दर माणसामागे एक खडा बाजूला टाकीत. पंधरा दिवसांत त्या करणीला चार मुठी बसल्या.

एके दिवशी रंगनाथराव वर्तमानपत्र घडी करून थेट लिंबाखाली आले.

"काय मिस्त्री, इथे काय काम काढलंत?"

"सावली बरी आहे, रावसाहेब."

"सावली चौक मंडईत मिळत नाही?"

"मिळते. तिथं गर्दी फार." खलीलमियाँनी खड्यांवर हळूच पाय ठेवला. "आपल्याकडं पाहुणे बरेच दिसतात."

"एक."

"एकच? बाकीचे परवाच गेले वाटतं."

"बाकीचे कोण?"

"मी कुठं म्हणालो कोणी आहेत म्हणून?"

दोघेही काही वेळ संडासाच्या दाराकडे पाहत उभे राहिले. त्यातून जावई बाहेर आले, दोन प्रतिष्ठित माणसं आपल्याकडे टक लावून पाहताहेत असं त्यांना दिसलं, आणि त्याच दुपारच्या गाडीने त्यांनी जायचं ठरवलं. एवढा एक फायदा त्या तपासाचा झाला, हे वत्सलाबाईंनी पुढे कबूल केलं, पण मुलीसमोर नाही.

पंधरा दिवसांचा आकडा दोन्हीकडून सारखाच निघाला. रोजची माणसं आठ, जावई गेल्यावर सात. खंडेरावांकडचं कोंबडं चार वेळा.

आता तिसरं कारणच उरलं. रंगनाथरावांनी मंडळीला अर्ज दिला. त्यात 'सबब', 'उपरोक्त' आणि 'विश्वासघात' हे शब्द प्रत्येकी तीनदा होते. रविवारी टाकी पुरी उपसून, तळ काढून मोजावी, आणि नकाशाप्रमाणे साडेचार फूट खोली न भरल्यास खलील यांचं नाव कमी करावं, असं ठरलं.

नोटीस मिळाली त्या दिवसापासून खलीलमियाँना झोप लागेना. आधी त्यांनी हाताखालच्या माणसांवर संशय घेतला. मग वीटभट्टीवर. मग शुक्रवारी त्यांना आपल्या मापाच्या गजावरच संशय आला. वडिलांच्या वेळचा पितळी टोकाचा गज. झिजला असेल तर? नमाज आटोपून ते तडक सराफ बाजाराकडे गेले आणि एका कापडवाल्याच्या गजाला आपला गज लावून पाहिला. दोन सुतांचा फरक निघाला. मग दुसऱ्या दुकानी लावून पाहिला, मग तिसऱ्या. आखूड निघाला तो पहिला कापडवाला. त्यावरून तिथे जी बोलाचाली झाली तिचा टाकीशी संबंध नाही.

घरी आल्यावर रोशनबींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एवढंच विचारलं, "बांधताना तुम्ही स्वतः होता ना तिथं?"

"होतो."

"मग गज कशाला विचारता? स्वतःला विचारा."

"स्वतःवर कोण विश्वास ठेवतो? नोटीस गजाला मानते."

रविवारी सकाळी परसात सगळी वसाहत जमली. आबाजींनी नाकाला कापूर लावलेला रुमाल बांधला होता. रंगनाथराव वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसले होते; खुर्ची आदल्या दिवशीच वाऱ्याचा अंदाज घेऊन तिथे ठेवली होती. कुसाबाई आणि तिचा नवरा भिका बादल्या, दोर आणि एक लांब बांबू घेऊन आले होते. खलीलमियाँ गज घेऊन एका बाजूला, कोणाशी न बोलता उभे.

झाकण सरकलं. आबाजींनी फुटांच्या खुणा केलेला बांबू स्वतः आत सोडला. तो दीड फुटांवर थांबला. त्यांनी जोर केला. बांबू हलला नाही.

"दीड फूट," आबाजी म्हणाले.

मग रंगनाथराव खुर्चीतून उठले.

"साडेचारातून दीड गेले, तीन उरले. तीन फूट! मंडळी, तीन फूट या माणसाने घशात घातले. मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो."

"पहिल्या दिवशी तुम्ही पेढे वाटले होते," खंडेराव म्हणाले.

"आबाजी, नाव कमी करा. आत्ता, इथेच."

आबाजींनी वही काढली. खलीलमियाँचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ते पुढे आले आणि त्यांनी आबाजींच्या हातून बांबू घेतला. तो वर उचलून पुन्हा आत टाकला. धप्प असा आवाज आला. पुन्हा टाकला. धप्प.

"हा माझा तळ नाही, साहेब," ते म्हणाले. "खाली मी शहाबादी घातलीय. तिच्यावर बांबू पडला तर खणखणून बोलेल. हे तर मुकं आहे."

"तळ मुका का बोलका, हे नियमात नाही," आबाजी म्हणाले.

"सरका जरा," कुसाबाई म्हणाली. तिने बांबूचं टोक वर ओढलं, त्याला चिकटलेला करडा गोळा दोन बोटांत घेतला आणि चोळला. मग उन्हात धरला. मग भिकाला दाखवला. भिकाने मान हलवली.

"राख हाय," ती म्हणाली.

"कुसाबाई, हा शास्त्रीय प्रश्न आहे," आबाजी म्हणाले. "टाकीत जो गाळ बसतो त्याला—"

"तीस वर्सं उचलत्येय मी, साहेब. गाळ मला नाय सांगायचा. ही राख हाय. बाभळीची. बंबात बाभूळ जळते ती याच घरात. खंडेरावांकडं गवऱ्या जळत्यात, त्यांची राख पिवळट पडते. धारणे साहेबांकडं कोळसा."

आबाजींनी रुमाल थोडा वर ओढला. आपल्या घरची राख कोणी ओळखतं हे त्यांना नवीन होतं.

खलीलमियाँनी तो गोळा हातात घेऊन नखाने खरवडला. "बरोबर बोलतेय. थर बसून दगड झालाय. माझा चुना इतका घट्ट बसला असता तर मी राजवाडे बांधले असते."

"अशक्य!" रंगनाथराव म्हणाले. "आमच्याकडे टाकीत काहीही टाकत नाहीत. मी लिहून दिलंय. सही आहे. म्हणजे ही राख बाहेरून आणून टाकलीय. आता प्रश्न असा की कोणी?" आणि ते आधी कुंपणाकडे, मग खंडेरावांकडे, मग कोंबड्याकडे पाहू लागले.

"अहो," स्वयंपाकघराच्या दारातून वत्सलाबाई म्हणाल्या. "आपणच टाकतो की."

"काय टाकतो?"

"राख. आत कोपऱ्यात घमेलं असतं ना, करवंटी घातलेलं. मीच भरून ठेवते रोज बंबाची. सगळे जाताना एक एक करवंटी टाकतात. तुम्हीसुद्धा टाकता."

"मी?"

"आज सकाळी नाही टाकलीत?"

रंगनाथरावांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत त्यांनी साक्षीदारांना असं तोंड उघडून उभं राहिलेलं अनेकदा पाहिलं होतं. "पण... ते काय टाकणं झालं? ते तर आपलं..." हात धुण्याला कोणी पाण्याची नासाडी म्हणत नाही, देवाला फूल वाहणाऱ्याला कोणी कचरा करतो असं म्हणत नाही. तसं ते होतं. त्यांनी खरंच काही टाकलं नव्हतं. फक्त राख टाकली होती.

"पण टाकी झाल्यावर कशाला टाकायची ती?" आबाजींनी विचारलं.

वत्सलाबाई दारातून पुढे आल्या. "मी लग्न होऊन गावातल्या घरी आले तेव्हा हीच कुसाबाई होती. नवीनच लागली होती कामाला. एक दिवस बोळातून हाक मारून म्हणाली, वहिनी, वर जरा राख टाकत जा, उचलताना बरं पडतं. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही मी. घरात सगळ्यांना तीच शिस्त लावली. जावयांनासुद्धा सांगून ठेवलंय, खुणेनं."

"वहिनी," कुसाबाई म्हणाली, "आता मी कुठं उचलत्येय?"

"ते लक्षातच आलं नाही बाई."

कुसाबाईने पदराने कपाळ पुसलं. "तीस वर्सं," ती भिकाला म्हणाली. "मी इसरले, अन् ह्यांनी ध्यानात ठिवलं." आणि ती हसायला लागली. इतकी हसली की बादली खाली ठेवावी लागली. खलीलमियाँही हसले, पण अजून तळ दिसला नव्हता, म्हणून लगेच थांबले.

तळ दिसायला दुपार झाली. भिकाने पहारीने थर फोडले, कुसाबाईने वर ओढले. शेवटी पहार खालच्या फरशीवर पडली आणि खण्ण झालं. खलीलमियाँनी डोळे मिटले. आबाजींनी आपल्या हाताने गज सोडला, वाकून वाचला, आणि पुन्हा वाचला.

"साडेचार फूट, आणि वर दोन बोटं."

"दोन बोटं वर?" रंगनाथराव एकदम सावध झाले. "नकाशात साडेचार आहे. ही दोन बोटं का, मिस्त्री? तुमच्या मनात काय होतं?"

"तळाला उतार लागतो, रावसाहेब. बाकी मनात काही नव्हतं."

"हं," रंगनाथराव म्हणाले, आणि ते 'हं' त्यांनी मनात जपून ठेवलं. पण परवान्याला त्याने धक्का लागला नाही. आबाजींनी वहीत लिहिलं की गवंडी निर्दोष, उरलेल्या अकरा टाक्या यांनीच बांधाव्यात. खलीलमियाँनी ते वाचून दाखवायला लावलं. नंतर पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा मात्र खंडेरावांनीच वाचून दाखवलं, जरा मोठ्याने, पडवीकडे तोंड करून.

भिका आणि कुसाबाईच्या हातांवर वत्सलाबाईंनी वरून पाणी ओतलं, लांबूनच. कोणाला त्यात काही वाटलं नाही. तो नियम बाविसांत नव्हता आणि त्याला बैठकही लागली नव्हती.

मग आबाजी पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी तेविसावा नियम जागच्या जागी केला. टाकीत राख टाकू नये. राख ही विज्ञानाची वैरी आहे. टाकीतले सूक्ष्म जंतू रात्रंदिवस आपल्यासाठी राबतात आणि राख त्यांचा गळा घोटते. तेव्हा प्रत्येक सभासदाने आजच्या आज राखेचं घमेलं घराबाहेर काढावं, पोराबाळांना राखेची सवय लागू देऊ नये, आणि सुधारलेल्या जगात राखेला स्थान नाही हे नीट समजून घ्यावं. असं ते बरंच बोलले, आणि चांगलं बोलले. टाळ्या पडल्या. नियम एकमताने मंजूर झाला.

वत्सलाबाईंनी त्यांच्यापुढे बादली, तांब्या आणि कोरी साबणाची वडी ठेवली. आबाजींनी वडी हातात घेतली, वासही घेतला, आणि परत बशीत ठेवली. मग इकडेतिकडे पाहून ते हळूच म्हणाले, "वहिनी, मूठभर राख मिळेल का? साबणाने हात धुतल्यासारखे वाटत नाहीत."